बेलापूरचा मध्यान्ह

सीबीडी बेलापुरात घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. वर्षातल्या कोणत्याही दिवशी नसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास आपल्या सर्वोच्च जागी पोहोचतो, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला १२ वाजून ५२ मिनिटे होतात. वर्षाची सरासरी काढली तर बेलापूरचा मध्यान्ह १२ वाजून ३८ मिनिटांनी होतो. कारण उघड आहे. बेलापूर सुमारे ७३.०४ अंश पूर्व रेखांशावर वसले आहे आणि भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेषेवर लावलेले आहे. मधल्या साडेनऊ अंशांइतके वळायला पृथ्वीला ३८ मिनिटे लागतात. सूर्य रोज का उगवतो आणि का मावळतो, या प्रश्नाचे उत्तर शाळेतले प्रत्येक मूल एका वाक्यात देते: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे स्वतःभोवती फिरते. पण या वाक्याचा अर्थ पुढे नेला तर एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि तिथे बहुतेकांचे पाऊल थबकते. सूर्योदय ही सूर्याच्या बाबतीत घडणारी घटना नाही, ती एखाद्या गावाच्या बाबतीत घडणारी घटना आहे. सूर्याला सकाळ नसते, बेलापूरला असते; आणि बेलापूरची सकाळ कुलाब्याची नसते. या दोन ठिकाणांमधले पूर्व-पश्चिम अंतर सुमारे २४ किलोमीटर आहे, आणि या अक्षांशावर जमीन दर सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. म्हणून बेलापूर सूर्यासमोर आल्यानंतर कुलाबा समोर यायला जवळजवळ एक मिनिट जावे लागते. मुंबई आणि तिच्या खाडीपलीकडच्या या किनाऱ्याने ही गोष्ट कशी ओळखली, तिच्यासाठी भांडण कसे केले आणि शेवटी ती कशी विसरली, हा इतिहास सांगण्याजोगा आहे. माझे म्हणणे असे, की हे ज्ञान आपल्याकडे ग्रंथात फार जुने आहे, पण लोकांच्या जगण्यात ते आले घड्याळाच्या भांडणातून. आणि ते भांडण मिटले तेव्हा ज्ञानही नजरेआड झाले.

सुरुवात ग्रंथांपासून करावी लागते, कारण ‘हे सगळे इंग्रजांनी शिकवले’ हा समज चुकीचा आहे आणि ‘हे सगळे आपल्याला ठाऊकच होते’ हाही तितकाच चुकीचा. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये पृथ्वीचे भ्रमण स्पष्ट सांगितले. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा आकडा. एका महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या होतात असे तो सांगतो, आणि त्याच्याच दिवससंख्येने भागले तर एका फेरीला २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात. आजचे मापही तेवढेच आहे. पण पुढच्या आचार्यांनी त्याचे ऐकले नाही. वराहमिहिराने विचारले, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडे परत कसे येतात? ध्वज सतत पश्चिमेकडेच का फडकत नाहीत? ब्रह्मगुप्तानेही आर्यभटावर टीका केली. हे आक्षेप मूर्खपणाचे नव्हते. फिरणाऱ्या जमिनीबरोबर हवा, पक्षी आणि पक्ष्याचे घरटे सगळेच त्याच वेगाने चालत असते, आणि समान वेग अंगाला जाणवत नाही, हे तत्त्व नीट मांडले गेले ते सतराव्या शतकात, गॅलिलिओच्या काळात. तोवर वराहमिहिराच्या प्रश्नाला पटणारे उत्तर कोणाकडेच नव्हते.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पाटणच्या शिलालेखातून ज्यांच्या घराण्याची माहिती मिळते, त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला आणि त्यात पृथ्वी स्थिरच मानली. त्यांच्यानंतर पावणेचारशे वर्षांनी, १५२० मध्ये, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव लिहिला. मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूचे हे नांदगाव आजच्या रायगड जिल्ह्यात आहे, म्हणजे बेलापूरच्या दक्षिणेला याच किनारपट्टीवर. पुढची कित्येक शतके महाराष्ट्रातली पंचांगे या ग्रंथावर बेतली गेली. पृथ्वी स्थिर आणि सूर्य फिरता, हीच त्याची बैठक. तरीही या परंपरेतल्या गणिताने बेलापूरचा दिवस मोजून पाहावा. विषुवदिनी बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हछाया म्हणजे पलभा. बेलापूरच्या १९ अंश अक्षांशाला ती ४ अंगुळे आणि ८ व्यंगुळे भरते. तिला १०, ८ आणि १० भागिले ३ यांनी गुणायचे आणि बेरीज घ्यायची. ८८ पळे येतात. एक पळ २४ सेकंदांचे, म्हणजे सुमारे ३५ मिनिटे. जूनच्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या इतका आधी उगवतो आणि तितकाच नंतर मावळतो, असे हे गणित सांगते. दिवसाची लांबी होते १३ तास १० मिनिटे. प्रत्यक्षात बेलापूरला ती सव्वातेरा तास दिसते, आणि फरकाची चार-पाच मिनिटे मुख्यतः वातावरणामुळे येतात. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेत इतका वाकतो, की सूर्याचे बिंब क्षितिजावर टेकलेले आपण पाहतो तेव्हा ते खरोखर पूर्णपणे क्षितिजाखाली असते. तीन गुणाकार आणि एक बेरीज यांच्या जोरावर इतके जवळ जाणारे गणित ज्या लोकांनी बसवले, त्यांच्याबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही.

पण याच यशात अडचण दडलेली आहे. सूर्य फिरतो म्हणा किंवा पृथ्वी फिरते म्हणा, उदयास्ताचे गणित तेच येते. पंचांगकर्त्याला दोन्हींतून निवड करण्याची गरजच पडली नाही. त्याला गरज होती ती ठिकाणानुसार दुरुस्ती करण्याची, आणि ती तो करीत होता. उज्जयिनीच्या रेषेपासून गाव किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे यासाठी देशांतर, अक्षांशासाठी चर, सूर्याची गती वर्षभर सारखी नसते म्हणून भुजांतर आणि त्याचा मार्ग तिरपा आहे म्हणून उदयांतर, अशा चार दुरुस्त्या त्याच्या हाताशी होत्या. बेलापूरचा मध्यान्ह नोव्हेंबरात लवकर आणि फेब्रुवारीत उशिरा का होतो, याचे पूर्ण उत्तर यांतल्या शेवटच्या दोन दुरुस्त्यांत आहे. पौषातली सकाळ सर्वांत उशिरा उजाडते ती २१ डिसेंबरला नव्हे, तर जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमारास, हेही त्यांतूनच निघते. सूर्योदय गावागणिक वेगळा असतो, हे पंचांगकर्त्याला पक्के ठाऊक होते. गावाला मात्र ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्याला दुसऱ्या गावाची वेळ त्याच क्षणी कळूच शकत नाही, त्याच्या लेखी आपली सकाळ हीच जगाची सकाळ असते.

बेलापूरच्या जुन्या गावांना तर सूर्याच्या घड्याळाची गरज आणखी कमी होती. बेलापूर गाव, दिवाळे, शहाबाज, आग्रोळी ही आगरी-कोळ्यांची वस्ती पनवेलच्या खाडीच्या पाण्यावर जगली, आणि पाणी चालते चंद्राच्या हिशेबाने. होडी कधी लोटायची, खारजमिनीची उघाडी कधी लावायची, मिठागरात उधाणाचे पाणी कधी घ्यायचे, हे सूर्य किती वर आला यावर ठरत नाही. त्यासाठी या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करावी, भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला जवळपास बारा. समुद्राच्या तोंडापासून खाडीत आत शिरायला पाण्याला थोडा अधिक वेळ लागतो, तो ज्याने त्याने आपल्या बंदरापुरता मिळवून घ्यायचा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा का येते? कारण पृथ्वीची एक फेरी पूर्ण होईतो चंद्र पूर्वेकडे बारा-तेरा अंश सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला जमिनीला तेवढे जास्त वळावे लागते. सूर्यही असाच दिवसाला सुमारे एक अंश सरकतो, म्हणून आपला दिवस २३ तास ५६ मिनिटांचा न राहता २४ तासांचा होतो. दिवाळ्याच्या तांडेलाने रोज पाहिलेला उशीर आणि आर्यभटाने काढलेला आकडा हे एकाच भ्रमणाचे दोन हिशेब आहेत. पण तांडेलालाही पृथ्वी फिरते असे मानण्याची गरज नव्हती. चंद्र उशिरा येतो, एवढे पुरत होते.

एकोणिसाव्या शतकात मराठीत हा प्रश्न उघडपणे वादाला आला. माळव्यातल्या सिहोर इथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठशाळेतल्या सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ लिहिला. पुराणांचे भूगोल-वर्णन, सिद्धांतांचे गणित आणि कोपर्निकसची रचना या तिन्हींची त्यात तुलना आहे, आणि सिद्धांतांच्या पायरीवरून वाचकाला कोपर्निकसपर्यंत नेण्याचा प्रयत्न आहे. ही रीत मला फार समंजस वाटते. आपल्याच परंपरेतल्या गणिताचा आधार घेऊन तिच्या पुढे जायचे. पॅरिसमध्ये फूकोने लंबक टांगून पृथ्वीचे भ्रमण डोळ्यांना दाखवले ते १८५१ मध्ये. म्हणजे मराठी वाचकासमोर हा विचार त्या प्रयोगाच्या पंधरा वर्षे आधी आला होता. इकडे मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली होती. तिचे पहिले काम बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देणे हे होते, कारण भर समुद्रात रेखांश काढायचा तर बरोबरच्या घड्याळात एका ठरलेल्या ठिकाणची वेळ असावी लागते. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर आणि केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे या दोघांनीही कुलाब्याच्या वेधशाळेत काम केले. केरूनानांनी पुढे १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक देऊन आधुनिक मापे मराठी पंचांगात आणण्याचा पाया घातला. ही मंडळी पृथ्वी फिरते हे नुसते मानत नव्हती, रोज मोजत होती. पण वेधशाळेच्या भिंतीबाहेर हे ज्ञान परीक्षेतले उत्तर म्हणूनच राहिले.

ते बाहेर पडले रेल्वे आणि तारायंत्रामुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा दोन टोकांच्या स्थानिक वेळेत अर्ध्या मिनिटाचाच फरक होता, त्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते. पण १८७० पर्यंत मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली, आणि या दोन शहरांच्या मध्यान्हांत तासाहून अधिक अंतर आहे. तारायंत्र तर त्याआधीच आले होते. मुंबईत सूर्य माथ्यावर असताना कलकत्त्यात दुपारचा एक वाजून गेला आहे, हे आता ग्रंथात वाचायची गरज उरली नाही. तारेवरून त्याच क्षणी कळत होते. माणसाच्या इतिहासात दोन दूरच्या गावांच्या सकाळी पहिल्यांदाच शेजारी ठेवून पाहता आल्या. रेल्वेने या गोंधळातून मार्ग काढला तो मद्रासची वेळ सर्वत्र लावून, कारण मद्रास दोघींच्या मध्ये होते आणि तिथे जुनी वेधशाळा होती. मग मुंबईत दोन घड्याळे झाली: स्टेशनावरचे मद्रासचे, आणि शहराचे त्याहून अर्धा तास मागचे.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. शहर बिथरले. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे काम १८७८ मध्ये पुरे झाले होते, आणि त्याच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवायची यावर विद्यापीठ आणि सरकार यांच्यात तेढ निर्माण झाली. विद्यापीठाने मुंबईची वेळ सोडली नाही, आणि त्यापायी सरकारने घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारला. अखेर मद्रासची वेळ शहरावर टिकली नाही. पुढची फेरी १ जानेवारी १९०६ ला आली. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ देशाला लागू झाली आणि मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकवायची ठरली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला हजारो गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध काम थांबवले. त्यांची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. विजेचे दिवे येईपर्यंत गिरणीचा दिवस सूर्याच्या मापाचा होता, उजाडल्यापासून अंधारेपर्यंत. १९०४-०५ च्या सुमारास गिरण्यांत वीज आली आणि हा नैसर्गिक बांध फुटला. रात्रीपर्यंत काम लांबवता येऊ लागले. त्यावर आता घड्याळच पुढे जाणार होते. सकाळी सहाचा भोंगा धरला तर जानेवारीत तो जुन्या वेळेने सूर्योदयाच्या सुमारे अर्धा तास आधी होत असे. नव्या घड्याळाचे सहा म्हणजे सूर्योदयाच्या आधी तास आणि वर काही मिनिटे. चाळीतल्या बाईला चूल पेटवायची ती त्याच्याही आधी. घड्याळाचा आकडा बदलला तरी सूर्य बदलत नाही, आणि शरीर सूर्याने चालते. कामगाराने हे कोणत्याही वेधशाळेच्या मदतीशिवाय ओळखले होते. मुंबई महापालिकेने काही महिन्यांतच पुन्हा मुंबईची वेळ धरली, सर फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारी त्या बाजूने होते, आणि ही दुहेरी वेळ साधारण १९५५ पर्यंत चालली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे या शहरात कोणी वेळ सांगितली की ‘मुंबईची की स्टँडर्ड?’ असे विचारावे लागे.

यावर एक आक्षेप सरळ आहे: हे भांडण राजकारणाचे होते, खगोलाचे नव्हे. परक्या सरकारने न विचारता घड्याळ बदलले, म्हणून लोक चिडले. त्यात पृथ्वीच्या भ्रमणाचा संबंध काय? राजकारण होते हे खरेच. बंगालच्या फाळणीचे, स्वदेशीचे ते दिवस. पण लोकांनी विरोधासाठी जो मुद्दा निवडला तो पाहावा. आमचा बारा आमच्या सूर्याचा, मद्रासच्या किंवा मिर्झापूरच्या सूर्याचा नव्हे, असे ते म्हणत होते. ज्या समाजात पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या गावची वेळ वेगळी असते ही कल्पनाही सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेली नव्हती, त्यातला व्यापारी, पत्रकार, नगरसेवक आणि कामगार आता मिनिटांत बोलत होता. सूर्योदय ठिकाणाचा असतो हे ज्ञान राजकारणाच्या पाठीवर बसून घरोघर गेले, एवढेच. बहुतेक ज्ञान असेच जाते. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: मुंबईची वेळ तरी कुठे सूर्याची खरी वेळ होती? तीही सरासरी वेळच. वर्षातले चार दिवस सोडले तर तिचा बारा आणि सूर्याचा बारा जुळत नव्हते, कधी पाव तासाहून अधिक फरक पडत होता. शिवाय तीच वेळ बेलापूरला लावली तर जवळजवळ मिनिटाची चूक. हे सगळे मान्य. म्हणून ‘निसर्गाची वेळ’ हा त्या काळच्या काही पुढाऱ्यांचा दावा अर्धाच खरा होता. पण चूक चौदा मिनिटांची करायची की त्रेपन्न मिनिटांची, हा प्रश्न उरतोच, आणि पहाटे कामावर जाणाऱ्याला तो सर्वांत आधी भेडसावतो.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीच्या मुळावर येतो, म्हणून त्याला जास्त जागा द्यायला हवी. गावोगावचा मध्यान्ह वेगळा असणे यावरून पृथ्वी गोल आहे एवढेच ठरते. ती फिरते हे ठरत नाही. गोल आणि स्थिर पृथ्वीभोवती सूर्य फिरत असता तरी मुंबई आणि कलकत्ता यांच्यात तोच तासाचा फरक पडला असता. गणेश दैवज्ञांचे देशांतर त्याच कल्पनेवर उभे आहे. आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर घड्याळात सापडत नाही. ते वाऱ्यात सापडते. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येणारा पावसाळी वारा तापलेल्या उत्तरेकडे सरळ यायला हवा होता. तो उजवीकडे वळतो आणि कोकणाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून आदळतो. हे वळण येते ते खालची जमीन फिरत असल्यामुळे. विषुववृत्तावर जमिनीचा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर, बेलापुरात ४४०. अधिक वेगाच्या पट्ट्यातून कमी वेगाच्या पट्ट्यात आलेली हवा जमिनीच्या पुढे पूर्वेकडे सरकते. स्थिर पृथ्वीवर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला ही दिशा मिळाली नसती. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांचा व्यापार दोन हजार वर्षे या वाऱ्यावर चालला. ज्या भ्रमणाने जहाजांना अरबस्तानातून इकडे आणले, त्याच भ्रमणाने ती रोज संध्याकाळी काळोखात नेली, आणि या दोन गोष्टींचा संबंध कोणी लावला नव्हता. वराहमिहिराने ध्वजांवरून प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर दर जूनमध्ये ध्वजांवरच येत होते, फक्त ते वाचायला लागणारे गणित जगात कोणाकडेच नव्हते. ज्याला वाऱ्यापेक्षा सरळ पुरावा हवा असेल त्याने पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत जाऊन फूकोचा लंबक पाहावा. लंबकाची पातळी ध्रुवावर दिवसात एक फेरा पूर्ण करते. बेलापूरच्या अक्षांशावर तो टांगला तर तासाला पाच अंशांहून किंचित कमी वळेल आणि एका फेऱ्याला सुमारे ७३ तास घेईल. त्या काळात सूर्याकडे एकदाही पाहावे लागत नाही. बंद खोलीत, खिडक्या लावून, पृथ्वी फिरते हे कळते.

तेव्हा घड्याळाने भ्रमण सिद्ध केले असे मी म्हणत नाही. सिद्ध केले ते वाऱ्याने आणि लंबकाने. घड्याळाने केले ते वेगळे आणि लोकांच्या दृष्टीने मोठे: सूर्योदयाला गावाचा पत्ता दिला. आणि प्रमाणवेळेने तो पत्ता पुसला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. सामायिक घड्याळावाचून रेल्वे, तार, बँक, रेडिओ काहीही चालले नसते, आणि रेखांशागणिक वेळ बदलण्याचा हट्ट धरला असता तर ठाण्याच्या गाडीलाही वेळापत्रक करता आले नसते. पण सोयीची किंमत काय पडली हे सांगायला हवे.

ती किंमत बेलापूरइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते, कारण हे शहर प्रमाणवेळेतच जन्मले. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि आजच्या रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. खाडीकाठच्या खाजणांवर भराव पडले. तिथीची पाऊणपट करून चालणारे गाव आणि मिनिटावर चालणारी कचेरी एकाच जागी आली, मध्ये मुंबईची वेळ ही पायरी इथे कधी आलीच नाही. सिडको भवन, कोकण भवन उभे राहिले, १९९३ मध्ये लोकल बेलापूरपर्यंत पोहोचली. दिवाळ्याच्या होड्या आजही भरतीने सुटतात. पलीकडे स्टेशनावर मुंबईपेक्षा कितीतरी दूरच्या एका रेषेची वेळ दिसते. पूर्वेच्या खारघरच्या डोंगरांनी क्षितिज थोडे उचलले आहे. इथे सूर्य एक अंश वर चढायला किमान सव्वाचार मिनिटे घेतो, म्हणून डोंगराआडून तो दिसायला पंचांगातल्या उदयापेक्षा उशीर होतो. शिवाय जूनमध्ये तो पूर्वेच्या डावीकडे २५ अंशांवर उगवतो आणि डिसेंबरात उजवीकडे तितकाच, त्यामुळे हा उशीरही ऋतूप्रमाणे बदलतो. शेजारच्या कळंबोलीत भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, कुलाब्याच्या वेधशाळेची वारस. विजेच्या ट्रामचा त्रास होणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, आणि १९७१ मध्ये ही संस्था स्वतंत्र झाली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात रोज होणारा लहानसा चढउतार तिथे नोंदला जातो. वातावरणाच्या वरच्या थरातले विद्युतप्रवाह तो घडवतात, आणि त्याची भर येते ती स्थानिक मध्यान्हाच्या आसपास. त्या नोंदींना मिर्झापूर ठाऊक नाही.

ईशान्य भारतातून वेगळ्या वेळेची मागणी वारंवार होते, आणि आसामच्या चहामळ्यांत तासभर पुढची ‘बागान वेळ’ कित्येक पिढ्या वापरात आहे, कारण दिब्रुगडला सूर्य बेलापूरपेक्षा जवळजवळ दीड तास आधी माथ्यावर येतो. त्या चर्चेत पश्चिम किनाऱ्याचे नाव निघत नाही. उलट बाजूने पाहिले तर प्रश्न आपलाही आहे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला आणि कचेऱ्यांची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा अशी ठरवली. कोकण भवनातला कारकून पावणेदहाला जागेवर बसतो तेव्हा बेलापूरच्या सूर्याने नऊ वाजून सात मिनिटे झालेली असतात, आणि तो सव्वासहाला उठतो तेव्हा पाच वाजून सदतीस. जुलैच्या सुरुवातीला त्याच्या हाती त्यानंतर तासभर उजेड उरतो, कारण तेव्हा सूर्यास्त सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहालाच मावळलेला असतो. ही वेळ ठरवताना कोणी रेखांश मोजला असेल असे वाटत नाही; १९०६ च्या गिरणी कामगाराने तो आधी मोजला असता.